पंधरावा फर्मा

‘मग?’ मी विचारलं.

‘मग काय, धुकं,’ अण्णा म्हणाले. ‘तीन दिवस नुसतं धुकं. वारा बंद. त्या काळात होकायंत्र नाही गो. जहाज कुठं चाललंय, कुणाला पत्ता नाही.’

मी पडवीत बसून आरीनं घडीत भोकं पाडत होते. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं रत्नागिरीत हेच केलं. वाचनालयाची पुस्तकं, शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांची कायद्याची जाडजूड बाडं. त्यांचे डोळे अधू झाले, सुई ओवता येईना, तसं काम माझ्याकडे आलं आणि ते समोरच्या आरामखुर्चीत चष्मा लावून वाचत बसू लागले.

‘मग?’

‘मग चौथ्या दिवशी जमीन. पण ती त्या खलाशांची नव्हे, दुसराच देश. तिथल्या लोकांनी ठेवून घेतलं. एक हिवाळा, दुसरा हिवाळा. शेवटी आठ वर्षांनी घरी. दाढी ही एवढी. बायको ओळखेना.’

‘आठ वर्षांनी,’ मी म्हटलं.

‘आठ. इथं लिहिलंय.’ त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं.

गेल्या वर्षी ह्याच पुस्तकातले खलाशी सात वर्षांनी परतले होते, आणि त्याआधीच्या वर्षी सहा. माझ्या ते चांगलं लक्षात होतं. पण मी दोरा मेणावरून ओढला आणि सुईत ओवला. म्हातारा माणूस स्वतःची समजूत घालतोय, तर घालू दे.

तो एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. ह्यांचं जहाज जाऊन सात वर्षं झाली होती.

ह्यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मालवाहू जहाजावर होते. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. तेवीस माणसं होती. चौदा जणांची प्रेतं मिळाली, एक होडी उलटी मिळाली. बाकीच्या नऊ जणांत हे. तारेत ‘बेपत्ता’ असा शब्द होता. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्यातले हे घरी होते ते सगळे मिळून पाच महिने. मूलबाळ नव्हतं, सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात अण्णा आणि मी.

तार आल्यावर महिन्याभरानं अण्णा वाचनालयात गेले आणि काखेत एक पुस्तक घेऊन आले. कुणा निवृत्त कप्तानानं त्याची सगळी इंग्रजी पुस्तकं वाचनालयाला दिली होती. त्यात अकरा पुस्तकं त्या उत्तरेकडच्या जुन्या दर्यावर्दी लोकांची होती. शाळाकॉलेजची नव्हेत, सोप्या इंग्रजीत लिहिलेली. वेष्टनावर राक्षसाच्या तोंडाची जहाजं, आत नकाशे, शिंगांचे पेले, हाडांच्या फण्या. गावात ती कुणी उघडून पाहिली नव्हती.

‘पोरगा जिथं गेला तिथली माणसं कशी, ते तरी कळू दे,’ अण्णा म्हणाले. त्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पण चाळीस वर्षं पुस्तकं बांधता बांधता उभ्या उभ्या वाचायची सवय, त्यामुळे इंग्रजी बरं होतं. शेजारी शब्दकोश ठेवायचे. जेवणं झाली की दोन ते तीन ते वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. मला आकडे सोडले तर इंग्रजीत काही कळत नव्हतं. अकरा पुस्तकं संपली की पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला एक, अशी ती आठवी फेरी चालली होती.

ती माणसं शेतातला नांगर सोडून समुद्रात शिरायची, मासे वाळवून खायची, वाद झाला की उघड्या माळावर सगळे जमून निवाडा करायची. अण्णा म्हणायचे, ‘आपल्यासारखीच गो. भात नाही एवढंच.’ आणि वाट चुकलेली माणसं. ती प्रत्येक पुस्तकात असायचीच. भरकटायची, कुठंतरी लागायची आणि परत यायची. कुणी बुडाला, असं मी सात वर्षांत एकदाही ऐकलं नाही.

मी ‘मग?’ म्हणायचे. तेवढं एक काम माझ्याकडे होतं.

मला काय वाटत होतं ते विचाराल तर काही वाटत नव्हतं. दंतवैद्य सुई देतो आणि गाल आपला नाहीसा होतो, तसं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी नळावर हंडा भरताना मला कळलं की हे गेले. कुणी सांगितलं नाही, स्वप्न पडलं नाही. दूध नासलेलं कळतं तसं कळलं. मी हंडा उचलून आत आले आणि चहा टाकला. रडूसुद्धा आलं नाही, आणि त्याची लाज वाटली. पण दुपारी अण्णा वाचत बसले, ‘शालन, ऐक गो’ म्हणाले, आणि त्या गोष्टीतलं जहाज दोन वर्षांनी परत आलं. मी काय बोलणार?

म्हणून मंगळसूत्र राहिलं. श्रावणात कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून घेणं राहिलं, वटपौर्णिमेचा उपास राहिला. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे शेजारणींना समजत नसे, त्यामुळे त्या मला सगळ्यात शेवटी बोलवायच्या, म्हणजे कुणाला अपशकुनही नको आणि माझं मनही दुखायला नको. माझं मन दुखत नव्हतं. मी तिळगूळ घेऊन यायचे आणि अण्णांच्या हातावर ठेवायचे. ते माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघायचे आणि तिळगूळ तोंडात टाकायचे.

आणि नाव. ह्यांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी ‘मिस्टरांचं नाव?’ विचारलं की अण्णा पुढे होऊन सांगायचे. आमच्यात तशी रीतच होती. जहाज गेल्यावर ती जास्तच पाळली गेली.

त्या आठवड्यात मंगळवारी राजापुराहून माझा भाऊ मधुदादा आला. अण्णा मागे विहिरीवर होते. दादा चहा बशीत ओतून म्हणाला, ‘सात वर्षं झाली. कोर्टात अर्ज देता येतो. वकिलाशी बोललोय. सोमवारी यायला सांगितलंय.’

‘कसला अर्ज?’

‘कसला म्हणजे? गेले असं जाहीर करायचा. तुझी सही आणि अण्णांची सही, दोन्ही लागतील. मग दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करता येईल, ब्राह्मणाला विचारलंय मी. आणि लांज्याचे ते मास्तर आहेत ना, ज्यांची बायको वारली. ते थांबायला तयार आहेत. पण असं किती थांबतील?’

मास्तरांना मी एकदा पाहिलं होतं. हळू बोलणारा माणूस. नको वाटावं असं काही नव्हतं, हवं वाटावं असंही नव्हतं. पण दादा बोलत असताना मी त्यांच्याबद्दल विचार करत होते, हे सात वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं.

‘एकतिसाची झालीस,’ दादा म्हणाला. ‘अण्णांना तू विचारतेस की मी विचारू?’

‘कुणीच नको.’

‘का?’

‘दादा, ते अजून वाचतायत.’

त्याला काही कळलं नाही. ‘शनिवारपर्यंत निरोप पाठव,’ म्हणाला आणि एसटी गाठायला गेला.

बुधवारी मी दोनदा अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. एकदा मीठ संपलंय म्हणून सांगितलं, एकदा काहीच नाही. ‘सही करा’ म्हणजे ‘तुमचा मुलगा मेला हे कबूल करा.’ आठ वर्षांनी परतणाऱ्या जहाजाचा आधार धरून बसलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? लांज्याचे मास्तर राहिले बाजूला. मी मनाशी ठरवून टाकलं की दादाला नाही म्हणून कळवायचं.

गुरुवारी अण्णा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते आणि नेमका तेव्हा वाचनालयाचा शिपाई बांधणीची पुस्तकं घेऊन आला. एरवी गठ्ठा अण्णाच सोडायचे. कुठलं काम मी करायचं, कुठलं त्यांनी, ते वेगळं काढायचे. त्या दिवशी मी सोडला. सात मराठी कादंबऱ्या आणि आठवं पुस्तक त्या अकरांतलं. त्याचा कणा वाळवीनं खाल्ला होता.

बांधायला आलेलं पुस्तक हातात घेतलं की पहिलं काम फर्मे मोजायचं. हे अण्णांनीच मला शिकवलेलं. ‘मोजल्याशिवाय सुई उचलायची नाही. एक कमी भरला तर वाचनालय म्हणेल बांधणाऱ्यानं हरवला.’ मी कणा सोडवला, जुना दोरा कापला आणि मोजले. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो. बारा, तेरा, चौदा, सोळा.

पुन्हा मोजले. पंधरावा नव्हता. पानांचे आकडे पाहिले, तर दोनशे चोवीसनंतर एकदम दोनशे एक्केचाळीस.

मग मी दोऱ्याकडे पाहिलं. परदेशात यंत्रावर शिवलेलं पुस्तक, आणि आत मेण लावलेला आपला सुती दोरा. शेवटची गाठ दुहेरी, डावीकडून घेतलेली. अशी गाठ साऱ्या रत्नागिरीत एकच माणूस मारायचा. आता दुसरी मी. कण्यावर आमच्या खळीचा निळसर डागही होता, आम्ही खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो त्याचा.

खुर्चीवर अण्णांचं चालू पुस्तक उपडं पडलं होतं. ते उघडलं. शहाण्णवनंतर एकशे तेरा. तिथंही एक फर्मा कमी होता, आणि इतका सफाईनं काढलेला की मिटलेल्या पुस्तकावरून हात फिरवला तरी कळू नये. एखादं पान कापलं तर त्याचं जोडपान सुटून येतं. म्हणून ज्याला पुस्तक मोडायचं नाही तो पुरा फर्मा काढतो.

बांधणारा कागद टाकत नाही. मी कातरणाची पेटी पाहिली, पुठ्ठ्यांची फळी पाहिली. मग कोपऱ्यातल्या जुन्या दाबयंत्राकडे लक्ष गेलं. त्यात कायम दोन फळ्या आवळून ठेवलेल्या असायच्या. वाकू नयेत म्हणून, असं मला सांगितलेलं. मी चाक फिरवलं. ते अगदी सहज फिरलं, म्हणजे तेलपाणी होत होतं.

फळ्यांच्या मध्ये काळ्या कापडाचं एक पुस्तक होतं. वर नाव नाही. आत तेच सगळे फर्मे, लहानमोठे, अकरा पुस्तकांतले. चित्रांत माळावर उभे केलेले दगड होते आणि दगडांवर काड्या मोडून ठेवाव्यात तशी अक्षरं. समासात अण्णांच्या बारीक अक्षरात मराठी होतं. ‘आईने हा दगड उभा केला, मुलासाठी. तो पूर्वेकडे गेला आणि परत आला नाही.’ ‘भावांनी उभा केला. जहाजासकट बुडाला.’ ‘प्रेत मिळाले नाही तरी दगड उभा करीत. नाव राहावे म्हणून.’ पानामागून पानं. त्या लोकांतली जेवढी माणसं बुडाली होती तेवढी सगळी तिथं होती. माझ्यापासून सात वर्षं दूर ठेवलेली.

सुरुवातीला एक कोरं पान जोडलेलं होतं. त्यावर शाईनं लिहिलं होतं :

‘शांताराम भाटकर आणि ……… यांनी हे पुस्तक बांधले.’ शांताराम म्हणजे अण्णा. पुढे ह्यांचं नाव. ‘याच्यासाठी. तो उत्तरेच्या समुद्रात बुडाला.’

खाली तारीख होती, १२ ऑगस्ट १९८४. म्हणजे जहाज जाऊन सात महिनेही पुरे झाले नव्हते.

खळ वाळून तिच्यावर साय धरली होती. अण्णा आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे त्यांना सगळं पुसट दिसत होतं. चपला काढून भिंतीला हात लावत ते खुर्चीपर्यंत आले. मी ते काळं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी पाहिलं नाही, नुसता कापडावरून हात फिरवला. मग तो हात तिथंच राहिला.

‘कितवा कमी भरला?’

‘पंधरावा.’

‘तुला मोजायला शिकवायलाच नको होतं,’ ते म्हणाले.

बाहेर कुणीतरी कोळंबीचे सोडे वाळत घालत होतं, त्याचा वास येत होता.

‘तुझ्यासाठी काढली गो पानं,’ अण्णा म्हणाले. ‘मला तर तार आली त्याच दिवशी कळलं होतं. त्या पाण्यात माणूस अर्धा तास टिकत नाही, हे मग पहिल्याच पुस्तकात वाचलं. पण तू बांगड्या भरत होतीस. वडाला दोरा बांधत होतीस. इतकी आस लावून बसलेल्या पोरीला कसं वाचून दाखवू? म्हणून फिरवून सांगत गेलो. दरवर्षी एकेक वर्ष वाढवायचं.’

‘मी तुमच्यासाठी भरत होते, अण्णा.’

‘काय?’

‘बांगड्या. मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. नळावर हंडा भरताना.’

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. ते औषधाचंच असावं.

‘मग?’ त्यांनी विचारलं.

‘मग काय. हंडा उचलला आणि आत आले.’

अण्णांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. पाच वर्षं आम्ही दोघं रोज दुपारी दोन ते तीन समोरासमोर बसून एकमेकांना हे सांगायचं टाळत होतो. मला रडायला हवं होतं आणि हसूही यायला हवं होतं. दोन्हीपैकी काही आलं नाही. फक्त हात गार पडले होते, आणि ते गार आहेत हे मला जाणवलं.

‘ती जागा कोरी का ठेवलीत?’ मी विचारलं.

‘त्यांच्या दगडांवर पुष्कळदा उभारणाऱ्यांची दोन नावं असतात. बाप आणि बायको. तुला विचारल्याशिवाय तुझं नाव कसं घालू?’ ते थांबले. ‘मधू आला होता मंगळवारी. विहिरीवरून ऐकू येतं गो सगळं. मी वाट बघत होतो, तू विचारशील म्हणून.’

‘सोमवारी आहे.’

‘जाऊया. आणि ही पानं परत घालायला हवीत. वाचनालयाची आहेत.’

मी दौत आणली. कोऱ्या जागेत ‘शालन’ लिहिलं. जागा त्यांनी बरोबर मोजून सोडली होती, अक्षरं तेवढ्यात बसली.

पानं परत घालायला मे उजाडला. अकराही पुस्तकं सोडवून, पुन्हा शिवून, एकेक करून दिली. घालण्याआधी प्रत्येक फर्मा अण्णांनी मला वाचून दाखवला, आहे तसा. त्याच वर्षी डिसेंबरात माझं लांज्याला लग्न झालं. मंडपात मुलीकडच्या बाजूला अण्णा उभे होते. ते जाऊनही आता वीस वर्षं झाली. काळं पुस्तक माझ्याकडे आहे. दोन पुठ्ठे, काळं कापड आणि आत एकच पान.

पण ते सगळं नंतरचं. सोमवारी आम्ही दोघं कोर्टात गेलो. मधुदादा दारात वकिलाबरोबर उभा होता. आत एक कारकून मान खाली घालून लिहीत होता. माझं नाव विचारलं, ते मी सांगितलं. वय, पत्ता.

‘नवऱ्याचं नाव?’

मी सवयीनं अण्णांकडे पाहिलं. अण्णा सवयीनं एक पाऊल पुढे आले, त्यांनी घसा खाकरला, आणि ते थांबले. मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

‘नाव सांगा,’ कारकून म्हणाला.

‘उल्हास,’ मी म्हटलं. ‘उल्हास शांताराम भाटकर.’

‘ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला.’

मी मोठ्यानं सांगितलं.